धुरपताबाईचा नेम

संजय आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि रंजिताची पेटी ओट्यावर येऊन पडली होती.

पेटी तिच्या सासूने, हंसाबाईने, आणून ठेवली होती. होळी होऊन तीन दिवस झाले होते. यंदा तांड्यात पाच घरी धुंड झाली. मुलगा जन्मला की त्याच्या पहिल्या होळीला धुंड करतात. गेरिये, म्हणजे होळी खेळणारी मंडळी, दारात येतात, लेकराच्या वर काठ्या धरून गातात, घरचे लोक गोडाचे जेवण घालतात. हंसाबाई पाचही घरी गेली, पाचही घरी हसून जेवली, आणि पाचव्या घरून परतताना रस्त्यातच थांबून तिने सुनेच्या भावाला फोन लावला. "तुह्या बहिणीले घेऊन जाय," एवढेच बोलली.

म्हणून संजय दारव्ह्याहून जीप करून आला होता. तिथे त्याचे ट्रॅक्टरच्या सुट्या सामानाचे दुकान होते आणि ते सोडून तो कुठे जात नसे. आज दुकान बंद ठेवून आला होता. ओट्यावर चढल्या चढल्या त्याने पेटी पाहिली.

"बस लेका, पाणी पे," खाटेवरून धनसिंग म्हणाला. पंचाहत्तरी ओलांडली तरी तो पागोटे स्वतःच्या हाताने बांधत असे. मुलगा, हंसाबाईचा नवरा हरिसिंग, वारल्यापासून घरचा कारभार पुन्हा त्याच्याकडे होता.

"पाणी मंग पेतो, बापू. आधी सांगा, माह्या बहिणीनं काय चोरी केली?"

"तिनं नाही केली," हंसाबाई दारातून म्हणाली. डोक्यावरचा पदर तिने सासऱ्यासमोर पुढे ओढला, पण आवाज ओढला नाही. "तुम्ही केली. पोरीचा रोग लपवून लग्न लावून देलं."

"कोणता रोग?"

"बाईमाणसाचा. तुले काय सांगू!"

"पेटी ओट्यावर ठेवता येते अन् सांगता येत नाही काय?"

हंसाबाई उंबरा ओलांडून ओट्यावर बसली. मग म्हणाली, "अंगावरून पांढरं जाते तिच्या. दर महिन्याले. चार वर्षं झाले दवा करून राह्यलो मी. बाजारातल्या वैद्याची पुडी झाली, तुरटीचं पाणी झालं, नेम झाला. अंगातली ताकद अशी वाहून गेली तं पोट कुठून राहीन? माहा एकच पोरगा आहे, संजय. त्याच्या बापानं नातू पाह्यला नाही. मीही न पाहता मरू काय?"

"अन् महागावकडची दुसरी पोरगी पाहून ठेवली म्हणतात, तिले रोग नाही हे पाह्यलं काय?"

हंसाबाईने मुलाकडे पाहिले. खांबाला टेकून उभा असलेला बादल मोबाईलकडे पाहत होता. मोबाईल बंद होता.

"दाजी, तुम्ही तं बोला," संजय त्याला म्हणाला. "बायको तुमची आहे."

"मी काय बोलू," बादल आईकडे पाहून म्हणाला. "याडीनं सांगतलं ते सगळं केलं आम्ही."

हे तो खरे बोलत होता. तेच मोठे दुःखाचे होते, पण तेव्हा ते कोणाला कळले नाही.

*

उज्ज्वला चहाच्या निमित्ताने रंजिताला आत घेऊन गेली.

उज्ज्वला बादलची थोरली बहीण. महागाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका होती. होळीला दोन दिवसांची सुटी टाकून आली होती आणि आज दुपारच्या एसटीने परत जायची होती. गॅसवर पातेले ठेवून तिने दार लोटले.

रंजिता रडत नव्हती. भिंतीशी बसून पायातल्या जोडव्याकडे पाहत होती. "बाई," ती म्हणाली, "मी पेटी भरली नाही. याडीनंच भरली. माही निळी साडी राह्यली दोरीवर."

"साडी राहू दे. मले एक सांग. जे जाते तुह्या अंगावरून, त्याले वास येते?"

"नाही."

"खाज? आग?"

"नाही."

"दह्यासारखं फुटीर असते? पिवळं, हिरवं?"

"नाही बाई." रंजिताने मान वर केली. सासू विचारे ते नेमासाठी; वास येतो का, खाज येते का, हे चार वर्षांत कोणी विचारले नव्हते. सगळ्यांनी फक्त सांगितले होते. "पांढरं म्हणायचं म्हणून म्हणतो. पांढरं नाहीच ते. अंड्यातलं कच्चं असते न, तसं. दोन बोटांत धरलं तं तार सुटते."

"किती दिवस?"

"तीन. कधी चार. पाळी गेली की चार-पाच दिवस काही नसते. मंग आधी चिकट येते, मंग हे असं येते, मंग आपोआप वाळते. पुढच्या पाळीपर्यंत कोरडं."

पातेल्यातला चहा वर आला. उज्ज्वलाने गॅस बंद केला, पण चहा गाळला नाही. हे सारे तिने प्रशिक्षणात पाठ केले होते. फळ्यावर चित्र काढून परीक्षा दिली होती. दर महिन्याच्या सभेत ती दुसऱ्यांच्या सुनांना हे सांगत असे. अन् स्वतःच्या भावाच्या बायकोला, 'पांढरं जाते' एवढे ऐकून तिने रक्तवाढीच्या गोळ्यांची पाकिटे आणून दिली होती. एक शब्द पुढे विचारला नव्हता. घरच्या माणसाला विचारायची लाज वाटली होती.

"त्या दिवसांत तू बादलजवळ असतं?"

"कुठं बाई? पाळीचे पाच दिवस तं नाहीच. अन् हे सुरू झालं की नेम असते. ओलं दिसलं त्या दिवसापासून याडीच्या खोलीत निजायचं. एक वेळ जेवायचं. वाळल्यावर चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, तवा नेम सुटते. रोग बाहेर निघून राह्यला असते म्हणतात. नवऱ्याजवळ गेलं तं त्याले लागते."

उज्ज्वलाने बोटावर दिवस मोजले. एकदा मोजले, मग पुन्हा पाळीपासून मोजले. मग ती पिठाच्या डब्यावर बसली.

"चार वर्षं?"

"एक महिना चुकवला नाही," रंजिता म्हणाली. त्यात थोडा अभिमान होता. "बाकी काही असो, नेम मी मोडला नाही."

"हा नेम याडीनं लावला?"

"लावला याडीनं. पण आहे दादीचा. सगळ्या तांड्याले माहीत आहे."

*

धनसिंगची बायको धुरपताबाई गोठ्यात होती. ओट्यावर मोठ्याने बोलणे सुरू झाले की ती गोठ्यात जात असे. तिथे दोन गायी आणि एक वासरी होती आणि त्यांना भांडण कळत नव्हते.

नात दारात येऊन उभी राहिली तेव्हा ती वासरीच्या कानातले गोचीड काढत होती.

"दादी, सोट कायले म्हणतात?"

म्हातारीचे हात थांबले. "नर्सबाईले हे ठाऊक नाही? गाय माजावर आली की खाली सोडते ते. काचेवाणी. शेपटीले चिकटते."

"अन् तो पाहूनच गाय भरवतात."

"मंग? सोट साफ असला की भरवायची. गढूळ असला की थांबायचं. वाळल्यावर भरवली तं उलटते, पैसाबी जाते अन् महिनाबी." हे तिला तिच्या बापाने शिकवले होते. त्याच्याकडे चाळीस गायी होत्या आणि आजोबाकडे माल वाहणारे बैल. गायीच्या मागच्या अंगाकडे पाहून ती सांगत असे की ही आज सायंकाळी फळेल, ही उद्या सकाळी. तांड्यातले लोक अजून तिला गाय दाखवायला आणत.

"तुहा नेम कोणत्या दिवसांत असे, दादी?"

धुरपताबाई नातीकडे पाहत राहिली. या पोरीचे डोळे हरिसिंगचे होते. त्याच्यापुढेही कधी खोटे चालत नसे.

"तुले कोणी सांगतलं?"

"कोणी नाही. रंजिता तुहा नेम पाळून राह्यली. चार वर्षं. याडीनं लावला तिले. तिचे सोटाचे दिवस सगळे याडीच्या खोलीत गेले."

वासरीने मान झटकली. धुरपताबाईने तिला सोडून दिले. नातसून नेम धरते हे तिने ऐकले होते. कोणता, कधी, हे विचारले नव्हते. ऐकून बरे वाटले होते एवढे तिला आठवत होते. आपल्या नावाचे काही घरात चालते आहे, म्हणून बरे वाटले होते.

"मले वाटलं देवीचा उपास करते पोरगी," ती हळू म्हणाली. "मले काय ठाऊक, हंसानं तोच उचलला."

"मी सांगू काय सगळ्याइले? सोटाचं सांगतो. तुहं नाही सांगत."

"तू सांगतलं तं ऐकतील?" म्हातारी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक करून उठली. "म्हणतील, पोरगी पुस्तकातलं बोलून राह्यली. माहा नेम खरा ठेवून तुहं खरं कसं होईल? सरक. मले जाऊ दे."

*

धनसिंगने आपली बायको ओट्यावर येताना पाहिली आणि त्याला आश्चर्य वाटले. पुरुषांच्या बैठकीत ती मध्ये येऊन बसल्याचे त्याला आठवत नव्हते. आज ती पेटीवरच बसली.

"हंसा," ती म्हणाली, "गाय भरवायची तं तू काय पाहातं?"

"याडी, हे गाईचं काय काढलं मधातच!"

"सांग तं."

"सोट पाहातो," हंसाबाई वैतागून म्हणाली. "दुसरं काय पाहायचं?"

"कसा पाह्यजे?"

"साफ. तार तुटली नाही पाह्यजे."

"अन् ज्या दिवशी असा सोट आहे, त्या दिवशी आपण वळू दूर बांधला तं?"

"तं गाय कशी फळीन?" हंसाबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिचे तोंड उघडे राहिले. तिने दारात उभ्या असलेल्या रंजिताकडे पाहिले. चार वर्षे ती सुनेला दर महिन्याला विचारत आली होती, आज कसं आहे? आणि सून सांगत आली होती, तार सुटते, याडी.

"बाई म्हणजे गाय आहे काय?" बादल चिडून म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. मेहुण्यासमोर हे चालले होते.

"गाय लाजत नाही म्हणून तिचं दिसते," धुरपताबाई म्हणाली. "आपलं दिसत नाही, एवढाच फरक."

"एवढाच नाही, पण गोष्ट तीच आहे," उज्ज्वला पुढे आली. तिने मनात ठरवले की उपकेंद्रात बोलते तसेच इथे बोलायचे, लाजायचे नाही. "संजयभाऊ, तुम्हीही ऐका, जमिनीकडे पाहू नका. गर्भाच्या पिशवीले तोंड असते. महिन्यातले बहुतेक दिवस ते दाट चिकानं बंद असते. पुरुषाचं बी आत जाऊ शकत नाही. बाहेर थांबलं तं तिथल्या आंबटपणानं काही घंट्यात मरते. पण बाईचं बीज पिकायले आलं की तोच चीक पातळ होते, साफ होते, त्याची तार सुटते. मंग त्यातून वाट होते. पुरुषाचं बी त्यातून पोहत वर जाते, त्यातच तीन-चार दिवस जिवंत राह्यते, बीजाची वाट पाहाते. पुढं नळीत पाणी असते, ते त्या दोघाइले पोसते. बीज निघून गेलं की दार पुन्हा बंद. हे सगळं अंग सोताच करते. आपण झोपलेलो असतो तरी करते."

धनसिंगने जन्मभर गुरे वळवली होती, चार बाळंतपणे दाराबाहेर बसून ऐकली होती. आतमध्ये असे दार आहे, ते महिन्यात काही दिवस उघडते, आणि उघडताना असे सांगून उघडते, हे त्याला माहीत नव्हते. त्याला ते फार मोठे वाटले.

"म्हणजे तो रोग नाही?" संजयने विचारले.

"वास आला, खाज आली, रंग बदलला तं रोग. तवा दवाखान्यात जायचं. हिचं तसं काही नाही. हिची तब्येत चांगली असल्याची खूण आहे ती. आपण त्या खुणेवर चार वर्षं तुरटी टाकली."

"पण नेम?" हंसाबाई एकदम म्हणाली. ती हरत होती आणि तिच्या हाताला एकच गोष्ट लागली होती. "नेम काय मी घरून आणला? याडी, मी नवी आलो तवा माह्या डोळ्यानं पाह्यलं. तुमचं अंगावरून जाणं सुरू झालं की तुम्ही मोठ्या याडीजवळ, तुमच्या सासूजवळ, निजायला जात होत्या. एक वेळ जेवत होत्या. देवी बोलावते म्हणत होत्या. बाया पाया पडत होत्या तुमच्या. मंग ते काय होतं?"

धुरपताबाईने दोन्ही हात पेटीवर टेकले. धनसिंगला वाटले, ती रागावली. तिच्या देवीला कोणी बोललेले तिला चालत नसे.

"देवी नव्हती ती," ती म्हणाली. "सोट होता."

*

"चौथ्या बाळंतपणात माहं रक्त इतकं गेलं की दाईनं खाटेखाली राख पसरली होती," धुरपताबाई सांगू लागली. ती कोणाकडे पाहत नव्हती. "दोन लेकरं जगले, दोन गेले. दाई म्हणाली, पाचव्यांदा पोट राह्यलं तं तू राहत नाही. मी अठ्ठावीस वर्षांचा जीव. नसबंदीच्या ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती. त्याच्या दोन वर्षं आधी ऑपरेशनची गाडी दिसली की तांडा रानात पळे. सासू म्हणे, माह्या घरात कोणी पोट कापलं तं मी विहीर जवळ करतो. हरिसिंगच्या बापाले सांगून पाह्यलं. हे म्हणे, देव पाहून घेईन."

"म्हटलं असंन," धनसिंग पुटपुटला.

"मंग मीच पाह्यलं. गाईचं पाहात होतो, आपलं पाहायला लागलो. सहा महिने नुसतं पाह्यलं. कधी येते, कधी तार सुटते, कधी वाळते. मंग ठरवलं. ओलं दिसलं की दूर. वाळल्यावर चौथ्या दिवशी जवळ. पण घरात नवऱ्याले नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? माही सासू देवीले लई भीत होती. म्हणून देवी पुढं केली. म्हटलं, देवीनं नेम सांगतला. तारीख ठरलेली नसे, म्हणून लोकाइले जास्तच खरं वाटे. म्हणत, हिले देवीच बोलावते."

"किती वर्षं?" उज्ज्वलाने विचारले.

"पाळी जाईपर्यंत. सतरा वर्षं."

उपकेंद्रात उज्ज्वला बायांना तीन महिन्यांचे इंजेक्शन देत असे आणि सांगत असे की यानं बीज पिकत नाही आणि पिशवीच्या तोंडाचा चीक दाट राहतो. डॉक्टरांनी, कारखान्यांनी जे औषधाने साधले, त्याची निम्मी गोष्ट या बाईने गाईकडे पाहून ओळखली होती. पाटीवर एक अक्षर न लिहिता. दिवस मोजून चालणाऱ्या पुष्कळ बायांचे चुकते, हे उज्ज्वलाला रजिस्टरवरून माहीत होते. "एकदाही चुकलं नाही, दादी?"

"चुकलं असतं तं तू मले पाह्यलं नसतं, बेटा. दोनदा शंका आली. महिना महिना झोप नव्हती."

धनसिंगने पागोटे काढून मांडीवर ठेवले. "सतरा वर्षं," तो म्हणाला. "दर महिन्याले मी नारळ फोडत होतो. तुह्या नेमाचा. एकदा नारळ नासका निघाला तं मी तांड्यावरून दिग्रसपर्यंत पायी जाऊन दुसरा आणला होता."

"खोबरं लेकराइनं खाल्लं न," धुरपताबाई म्हणाली. "फुकट कुठं गेलं?"

संजयला हसू आले आणि त्याने ते खोकल्यात दाबले. धनसिंग हसला नाही. तो बराच वेळ बायकोकडे पाहत होता, जशी ती आजच दुसऱ्या तांड्यावरून आली आहे.

"मले सांगतलं असतं तं?"

"तं तुम्ही ऐकलं असतं?"

त्याने खरेच विचार केला. "नसतं ऐकलं," तो म्हणाला. "मी नसतं ऐकलं अन् तू मेली असती. मंग या घराचं काय झालं असतं?" त्याने संजयकडे पाहिले. "पाह्य रे, पोरा. मी म्हणत होतो, घर मी चालवलं."

पण हंसाबाई उठून उभी राहिली होती. पदर मागे पडला होता आणि सासऱ्यासमोर तो पुढे घ्यायचे तिला भान नव्हते.

"अन् मी?" ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"उज्ज्वला झाली, बादल झाला, तवा आम्ही ऊस तोडायला जात होतो. तिथं कायचा नेम! मंग गाव धरलं. मीही तुमच्यासारखा नेम धरला. वाटलं, सासूचं पुण्य आपल्यालेही लागीन. बादलच्या नंतर मले एक पाह्यजे होतं, याडी. उज्ज्वलाच्या बापालेही पाह्यजे होतं. दहा वर्षं वाट पाह्यली. मी म्हटलं, माह्या नेमात खोट असंन. अजून कडक केला." तिचा आवाज फुटला. "तुम्ही पाहात होत्या. मी तुमच्या बाजूलेच निजत होतो."

धुरपताबाईला वाटले होते, हंसालाही दोनच पुरेत. सून येऊन शेजारी अंथरूण टाके तेव्हा तिला ही आपल्यासारखीच शहाणी निघाली असे वाटे. दोघी एका खोलीत निजत होत्या. एक मूल टाळण्यासाठी, एक मूल मागण्यासाठी. आणि कोणी कोणाशी बोलले नव्हते.

"मले वाटलं तुले समजलं," ती शेवटी म्हणाली. "मले तेच वाटलं, हंसा. विचारायचं होतं. मी विचारलं नाही. तोंड उघडलं असतं तं माही देवी गेली असती."

"तुमची देवी राह्यली अन् माहं लेकरू गेलं."

"हो," धुरपताबाई म्हणाली.

तिने मान खाली घातली नाही, सारवासारवही केली नाही. हंसाबाई तोंडावर पदर घेऊन भिंतीकडे वळून बसली. तेव्हा रंजिता दारातून आली आणि सासूच्या शेजारी बसली. हात लावला नाही, नुसती बसली. पेटी भरून ओट्यावर ठेवणारी हीच बाई, हे ती विसरली नव्हती. पण तिच्यासारखेच चुकलेले दिवस मोजणारे या घरात दुसरे कोणी नव्हते.

*

रंजिताला तिथे बसून सगळ्यांचे बोलणे ऐकू येत होते. आता सगळे तिच्याबद्दल बोलत होते आणि आवाज बदलले होते.

"उद्याच पोट राहीन असं मी म्हणत नाही," उज्ज्वला सांगत होती. "तुरटी, पुड्या आजपासून बंद. सहा महिने योग्य दिवशी सोबत राहू द्या. नाही झालं तं यवतमाळले दोघाइची तपासणी. अन् बादलची तं आताच करून घ्यायची. त्याची सोपी असते, एका दिवसाची."

"माही कायले?" बादल म्हणाला. "माह्यात काय आहे?"

"तेच पाहायचं आहे, काय आहे अन् किती आहे. दार उघडं असलं अन् पाहुणाच आला नाही तं दाराचा काय दोष?"

"जाईन तो," धनसिंग म्हणाला. "मी घेऊन जातो. सतरा वर्षं नारळ फोडला मी, याले एक शिशी देता येत नाही?"

आता संजय उघड हसला. तो उठून बहिणीजवळ आला आणि उकिडवा बसला. "रंजिता, तू काय म्हणतं? जीप उभी आहे. याइचं समजणं चार वर्षं उशिरा झालं. तुले यायचं असंन तं चाल, माहं घर तुहं आहे. राहायचं असंन तं राहा. पण तू सांग. दुसरं कोणी नाही सांगणार."

रंजिता काही बोलण्याआधी हंसाबाईने डोळे पुसले. रडून झाले की कामाला लागायचे, ही तिची रीत होती. "राहीन ती," ती म्हणाली. "महागाववाल्याइले मी फोन करतो, नाही म्हणून सांगतो. अन् आता मी चुकू देत नाही. कॅलेंडर आणतो, माह्या खोलीत लावतो. पोरी, तू रोज सकाळी मले सांगायचं, कसं आहे, किती आहे. मी लिहीन. कोणत्या दिवशी काय करायचं ते मी सांगीन."

तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. रंजिताला ते कळत होते. चार वर्षे दर महिन्याला ती सासूला सांगत आली होती. प्रश्न तोच राहणार होता, फक्त उत्तराचा अर्थ उलटा होणार होता.

"राह्यतो मी, भिया," ती संजयला म्हणाली. मग सासूकडे वळली. "पण याडी, ते मी तुमाले नाही सांगणार."

हंसाबाईला नीट ऐकू आले नाही असे वाटले. "काय?"

"ओलं कधी, कोरडं कधी. ते मी नाही सांगणार आता. कोणालेच."

बादलने मोबाईल खिशात टाकला. हंसाबाईच्या कपाळावर आठी चढली आणि तिने सासूकडे पाहिले, तिने तरी या पोरीला दोन शब्द सांगावेत म्हणून.

धुरपताबाई पेटीवर बसली होती. आधी तिचे खांदे हलले. मग हसू तोंडापर्यंत आले आणि ती मोठ्याने, दात नसलेल्या तोंडाने हसू लागली. धनसिंग तिच्याकडे पाहत राहिला, मग तोही हसला.

"तिले काय पाहातं, हंसा," म्हातारी म्हणाली. "मी कोणाले सांगतलं होतं?"

बादल खांब सोडून पुढे आला. सगळ्यांसमोर त्याने बायकोशी कधी बोलणे काढले नव्हते, म्हणून त्याला शब्द सापडायला वेळ लागला.

"मले?" त्याने विचारले. "मले तरी सांगशील?"

रंजिता उभी राहिली. "यवतमाळले जाऊन या," ती म्हणाली. "मंग पाहू."

आणि दोरीवरची निळी साडी आत घ्यायला गेली, कारण ऊन वर आले होते आणि रंग उडाला असता.